घाटात एक्सिलेटरची वायर दगा देते तेव्हा

नांदुरीहून सप्तशृंगी गडाची चढण सुरू झाली आणि मोटरसायकलची मूठ पिळूनही इंजिन दाद देत नाही, किंवा कसारा घाट उतरताना मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. दोन्ही वेळा दोष बहुधा मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा भाग) जाणाऱ्या वायरमध्येच असतो, म्हणजे बाहेरची नळी आणि तिच्यात सरकणारी तार यांत.

रेस अडकली असेल तर आधी क्लच दाबा, मग किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद करा आणि ब्रेक लावत कडेला या. किल स्विच नसेल तर चावी फक्त ऑफपर्यंत फिरवा, हँडल लॉक होईल इतकी पुढे नको. पुढे जुगाड कोणताही करा, पण हात सोडल्यावर रेस आपोआप उतरलीच पाहिजे. ज्या जुगाडात ती उतरत नाही, त्यापेक्षा गाडी ढकलत नेलेली बरी.

मूठ ढिली, पोकळ फिरते म्हणजे तार तुटली. मूठ जड झाली, परत येत नाही म्हणजे तार अडकली. हँडल वळवताच रेस वाढत असेल तर बाहेरची नळी टाकीखाली किंवा हँडलच्या गळ्याशी ताणली गेली आहे. ती सोडवून मोकळी वळवा. तिथे प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधलेली असते, ती कापली की काम होतं.

अडकलेल्या तारेत आधी फुकटची कारणं तपासा. रबरी ग्रिप आत सरकून स्विचच्या डब्याला घासते. ती बाहेर ओढून २ मिमी फट ठेवा. इगतपुरीकडच्या पावसात भिजलेल्या गाडीच्या नळीत पाणी आणि माती साचते. वरचं टोक सोडवा, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नळीभोवती नरसाळ्यासारखा बांधा, त्यात इंजिन ऑइलचे आठ-दहा थेंब सोडा आणि तार वरखाली करत राहा. ग्रीस नको, त्यावर धूळ बसून तार पुन्हा जड होते.

तार तुटते ती बहुतेक मुठीजवळ, कारण शिशाच्या गोळीपाशी ती दरवेळी वाकते. एकेक धागा तुटत जातो, म्हणून तिथे ब्रशसारखे केस दिसले की वायर बदलायची वेळ झाली. इथे कामाला येतो लाइटच्या वायरी जोडायचा, दोन स्क्रूवाला कनेक्टर. त्याचं प्लॅस्टिक सोलून आतली पितळी नळी काढा. स्विचच्या डब्याचे दोन प्लस स्क्रू उघडा, वायरचे वरचे-खालचे ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा, म्हणजे थोडी तार मोकळी मिळते. विस्कटलेलं टोक कापा, धागे पिळून पितळी नळीत घाला, दोन्ही स्क्रू घट्ट आवळा आणि उरलेलं टोक मागे वाकवा. नळी मुठीच्या खाचेत सहज फिरली पाहिजे. फिरत नसेल तर कानशीने घासा. जबरदस्तीने बसवली तर डबा बंद झाल्यावर मूठ तिथेच अडकेल.

कनेक्टर नसेल तर तार डब्यातून बाहेर काढून तिच्या टोकाला काडीचा आडवा दांडा बांधा आणि उजव्या हाताने ओढत चालवा. पुढचा ब्रेक हाताबाहेर जातो, म्हणून वेग २० च्या आत, सपाट रस्ता आणि जवळचं गॅरेज एवढंच. तार बोटाला गुंडाळू नका, हँडललाही बांधू नका. घाटात हा उपाय करूच नका.

कार्बोरेटरकडचं टोक तुटलं तर जुन्या स्प्लेंडरसारख्या स्लाइडच्या गाडीत (तार ओढली की कार्बोरेटरमधला दट्ट्या, म्हणजे स्लाइड, वर सरकते) आयडलचा, म्हणजे मूठ न पिळता असणारी रेस ठरवणारा, स्क्रू उजवीकडे पाव-पाव फेरा फिरवत रेस वाढवा. किती फेरे दिले ते लक्षात ठेवा, नंतर तेवढेच मागे घ्यायचे आहेत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वेगाचं काम क्लचवर. उतार आला की थांबून स्क्रू परत घ्या, नाहीतर ब्रेक आणि इंजिन एकमेकांशी झगडत राहतात. झाकण उघडून स्लाइड काढलीच, तर परत बसवताना तिची खाच आतल्या खिळ्यावर आणि तिरपा काप एअर फिल्टरच्या बाजूला हवा. उलटी बसली तर रेस उघडीच राहू शकते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांत कार्बोरेटर नसतो. त्यांच्या थ्रॉटल बॉडीवरच्या (इंजिनात हवा सोडणारी झडप) स्टॉप स्क्रूला हात लावू नका, सेन्सरचं गणित बिघडतं. दोन वायरी असतील आणि उघडणारी तुटली असेल, तर बंद करणारी तिच्या जागी बसते का पाहा. परत यायला थ्रॉटल बॉडीवरची स्प्रिंग आहेच. काही महाग गाड्यांत मुठीला वायरच नसते, तिथे टो करणंच खरं.

निघण्यापूर्वी इंजिन आयडलवर ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. रेस बदलता कामा नये, आणि मूठ सोडताच टक्कन परत आली पाहिजे. मुठीच्या कडेला साधारण २ ते ६ मिमी मोकळी चाल ठेवा.

पेठ रोडला सावळघाटाकडे किंवा हरसूलच्या बाजूला नेहमी जाणं असेल, तर आपल्याच मॉडेलची नवी वायर आधीच जुनीच्या शेजारून ओवून ठेवा. दोन्ही टोकांना टेप लावा, म्हणजे पाणी शिरत नाही. तुटल्यावर टाकी उतरवावी लागत नाही, दोन्हीकडची टोकं बदलली की झालं. शिवाय एक प्लस स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचा पाना, पक्कड आणि दोन पितळी कनेक्टर सीटखाली असू द्या.