साइटवरच्या बालवाडीत नव्याने लागणाऱ्या ताईंसाठी

बालशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स करून मी पुण्यात बांधकामाच्या साइटवरच्या एका बालवाडीत लागले तेव्हा माझ्याकडे गाणी, गोष्टी, तक्ते सगळं होतं आणि सगळं मराठीत होतं. समोर बावीस मुलं, कोणी तेलुगू बोलणारं, कोणी यूपी-बिहारकडचं, दोघी बहिणी गोरमाटी म्हणजे बंजारा समाजाची भाषा बोलणाऱ्या, मराठी येणारी जेमतेम पाच.

तिसऱ्याच दिवशी एक तीन वर्षांचा मुलगा माझी ओढणी ओढत "नीळ्ळु, नीळ्ळु" करत होता. मला वाटलं निळा खडू मागतोय, मी दिला, त्याने फेकला, मी परत दिला, मग तो इतका रडला की उचकी लागली. शेवटी त्याच्या आईला कामावरून बोलावलं तर तिने सरळ माठाकडे बोट केलं. तेलुगूत नीळ्ळु म्हणजे पाणी. मे महिना, पत्र्याची खोली, आणि ते लेकरू अर्धा तास माझ्यासमोर तहानलेलं. अजून आठवलं की पोटात तुटतं.

तर पहिल्या आठवड्यात तक्ते राहू देत, एक वही करा. पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, भीती वाटते, नको, घरी, एवढे शब्द प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेत लिहून घ्या. संध्याकाळी आया न्यायला येतात तेव्हा त्यांनाच विचारा, त्यांना असं कोणी विचारतच नाही त्यामुळे इतक्या खुलून सांगतात. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणायच्या मराठीच बोला, कानावर पडून शिकतील. शिकतात ना, पण आधी इथे माझं बोलणं कळतं हे मुलाला वाटलं पाहिजे. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही या वयात घरच्या भाषेवरच भर आहे.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोर्सला आपण पेपरपुरत्या वाचतो. नोकरी लागल्यावर परत वाचा खरंच. 1945 पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि नंतर कोसबाडला त्यांनी काम केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, बिया, शंख-शिंपले असं आसपास मिळणारं साहित्य वापरलं.

अजून एक. आमच्याकडे एका मुलीला सगळे हट्टी म्हणायचे, हाक मारली तरी बघायची नाही. एकदा तिच्या मागे स्टीलचं ताट दाणकन पडलं, सगळी पोरं दचकली, ती मणी ओवत बसलेली. तेव्हा कळलं ऐकूच येत नाहीये. "ऐकत नाही" म्हणायच्या आधी हे तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा तपासणीला येते, जवळच्या सेविकाताईंना तारीख विचारून आपली मुलंही न्या. तिच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवून बोलवायचं बंद करून हात वर करायला लागलो, प्रत्येक गाण्याला हातवारे बसवले, दिवसभराची चित्रं भिंतीवर ओळीने लावली. आणि मजा म्हणजे तीच चित्रं बघून तेलुगू पोरांनाही आता पुढे काय आहे ते कळायला लागलं.

स्लॅब पूर्ण झाला की कुटुंबं दुसऱ्या साइटवर जातात, कधी कधी एका रात्रीत. म्हणून प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी तयार ठेवा, त्याला काय येतं, काय आवडतं, कशाची भीती वाटते, आणि घरच्या भाषेतले ते शब्द. आईकडे द्या, लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवायला सांगा. पुढच्या ताईला पहिल्याच दिवशी कळेल की नीळ्ळु म्हणजे पाणी.