‘अरीना’ आजच्या लॅपटॉपवर: डॉसबॉक्सची मांडणी आणि नेमकं कुठे अडतं

‘द एल्डर स्क्रोल्स: अरीना’ हा १९९४ चा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा रोल-प्लेइंग गेम. बेथेस्डाने तो २००४ मध्ये मोफत केला आणि २०२२ पासून तो स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातही फुकट मिळतो. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून फिरत आलेली कॉपी घ्यायचं कारण नाही. तिच्यात व्हायरस नसला तरी फाइली अर्धवट असू शकतात.

६४-बिट विंडोजमध्ये ‘अरीना’सारखे १६-बिट प्रोग्राम चालवण्याची सोयच नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं. म्हणून फाइलवर डबल-क्लिक केलं की ‘हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही’ असा निरोप येतो. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावूनही काही होत नाही. डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम, लागतोच: जुना भरवशाचा ०.७४-३, नाहीतर त्यावरून निघालेला डॉसबॉक्स स्टेजिंग. लिनक्सवर तो नेहमीच्या पॅकेज मॅनेजरमधून मिळतो. सांगलीत वा साताऱ्यात सेकंडहँड घेतलेला, ४ जीबी रॅमचा ऑफिसातला लॅपटॉपसुद्धा याला भरपूर झाला.

पहिली चूक फोल्डरच्या नावात होते. ‘जुने गेम’ असं मराठी नाव दिलं, किंवा विंडोजमधलं युजरनेमच देवनागरीत असलं आणि गेम डेस्कटॉपवर ठेवला, की डॉसबॉक्स ०.७४ ला तो रस्ता वाचता येत नाही. विंडोजच्या जुन्या कोडपेजांमध्ये (अक्षरांच्या तक्त्यांमध्ये) देवनागरी कधी नव्हतीच, त्यामुळे अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येही गेम ठेवू नका, तिथे लिहिण्याची परवानगी नसते आणि सेव्ह केलेला खेळ भलतीकडे जातो किंवा जातच नाही. सी ड्राइव्हवर थेट ‘डॉस’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘अरीना’. नावं रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता.

डॉसबॉक्स उघडून पुढच्या कमांड द्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.

माउंट सी सी:\डॉस
सी:
सीडी अरीना
अरीना

‘माउंट’ म्हणजे एखादा फोल्डर डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून दाखवणं. आख्खा सी ड्राइव्ह माउंट करू नका. एक चुकीची डिलीट कमांड गेली तर खऱ्या फाइली उडतील. रोज टाइप करायचा कंटाळा येतो, तेव्हा याच चार ओळी डॉसबॉक्सच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलच्या शेवटी ‘ऑटोएक्झेक’ विभागात टाकून द्या. विंडोजवर स्टार्ट मेनूमधल्या ‘डॉसबॉक्स ऑप्शन्स’ने ती फाइल उघडते.

चौथ्या ओळीतली ‘अरीना’ ही बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहिलेली साधी मजकूर फाइल आहे. साउंड कार्डाचा पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए (कार्डाशी बोलण्याचे ठरलेले क्रमांक) गेमला तिच्यातूनच कळतात. तिला वगळून थेट एक्झी फाइल चालवली तर गेम मुका राहतो. आवाज नसेल तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून डिजिटल आवाजाचे आकडे डॉसबॉक्सच्या मूळ सेटिंगशी जुळतात का पाहा: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १.

आता वेग. सगळ्यात जास्त लोक इथेच कंटाळून गेम सोडतात. कॉन्फिगमध्ये ‘सायकल्स’, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, ऑटोवर असते. ऑटो म्हणजे प्रोटेक्टेड मोडच्या (प्रोसेसरच्या नव्या पद्धतीच्या) गेमला जमेल तितका वेग आणि रिअल मोडच्या (जुन्या १६-बिट पद्धतीच्या) गेमला फक्त ३०००. ‘अरीना’ रिअल मोडचा, म्हणून तो रखडतो, आणि दोष मात्र लॅपटॉपला बसतो. तिथे ‘फिक्स्ड २५०००’ लिहा. साधारण त्या काळच्या ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसरएवढा वेग झाला. कंट्रोल-एफ१२ ने वाढतो, कंट्रोल-एफ११ ने कमी होतो, आकडा खिडकीच्या माथ्यावर दिसतो. लॅपटॉपवर बहुधा एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. जास्त ते चांगलं असं इथे नाही: फार वाढवलं की प्रोसेसरला झेपत नाही आणि आवाज तुटक येऊ लागतो. तसं झालं की दोन-तीन पायऱ्या खाली या.

चित्र बुटकं दिसत असेल तर कॉन्फिगमध्ये ‘आस्पेक्ट’ ट्रू करा. ३२०×२०० चं चित्र त्या काळी ४:३ मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं, आणि चित्रकारांनी ते तसंच धरून काढलेलं आहे.

कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिलं तर पात्राचं नाव टाइप करतानाच अडतं. विंडोज-स्पेसने भाषा बदलते.

माउस खिडकीत अडकला की कंट्रोल-एफ१० ने सुटतो. त्याच्या शेजारचं कंट्रोल-एफ९ मात्र काही न विचारता डॉसबॉक्स बंद करतं. घाईत बोट घसरलं की तासाभराचा खेळ गेला. कंट्रोल-एफ१ ने मॅपर (बटणं बदलायचा पडदा) उघडून हे बटण आधी दुसरीकडे हलवा. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर, विशेषतः वळवाच्या दिवसांत वीज जाते-येते तेव्हा, प्रत्येक तळघरात शिरण्याआधी सेव्ह करा. अधूनमधून आख्खा ‘अरीना’ फोल्डरच दुसरीकडे कॉपी करून ठेवा, सेव्ह त्यातच असतात.

फ्लॉपीवाल्या आवृत्तीत पहिल्या तळघरातून बाहेर पडलात की गेम मंत्रांबद्दल प्रश्न विचारतो. ते कोडं नाही, जुनं कॉपी-प्रोटेक्शन आहे. उत्तर ‘कोडेक्स सायंटिया’ या पुस्तिकेत असतं, ती पीडीएफ आधीच उघडून ठेवा. सीडी आवृत्तीत हा प्रश्न नाही.

घरात त्या काळातली दुसऱ्या एखाद्या गेमची सीडी असेल तर आधी तिची प्रत काढा. नुसती आयएसओ (सीडीच्या डेटाची एकच फाइल) केली तर सीडीवरचे ऑडिओ ट्रॅक येत नाहीत आणि संगीत जातं. बिन आणि क्यू (सीडीची पूर्ण प्रत आणि तिच्या ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी करा आणि ‘इमेजमाउंट’ कमांडला क्यू फाइल द्या. या कमांडचं स्पेलिंग मात्र आखूड आहे: आय-एम-जी आणि लगेच माउंट. सांगलीत २०१९ च्या पुरात भिजलेली किंवा महाबळेश्वरच्या दमट हवेत बुरशी धरलेली सीडी साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही, आणि सावलीत वाळवा. मग दिव्यासमोर धरून पाहा. चंदेरी थराला भोकं पडून उजेड आरपार येत असेल तर तेवढ्या भागातला डेटा गेलेला आहे, ड्राइव्ह बदलून उपयोग नाही.