टीएमटीचा वाद पोरांना कसा समजवावा

ठाण्यात टीएमटी म्हटलं की पोरांना बसच आठवते, म्हणून आधीच सांगा: ही टीएमटी म्हणजे थर्टी मीटर टेलिस्कोप, हवाईतल्या मौना केआ डोंगरावरची नियोजित दुर्बीण, आरसा 30 मीटरचा. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेवढी सुतळी अंथरते. (वॉचमनकाका वैतागतात.) आरसा 492 तुकड्यांचा, हे खडूने दाखवायचं.

मग विचारा: मुंब्रादेवीच्या डोंगरावर 18 मजली इमारत उठली तर? दुर्बीण तेवढीच उंच, आणि मौना केआ मूळ हवाईयन लोकांना तसाच पवित्र. इथे घाई नको, भांडू द्या. मौना केआवर 13 दुर्बिणी आधीच होत्या. 2018मध्ये कोर्टाने टीएमटीच्या बांधकामाचा परवाना कायम ठेवला, तरी 2019मध्ये मूळ हवाईयन लोकांनी रस्ता अडवला. म्हाताऱ्यांनाही अटक झाली.

या दुर्बिणीत भारत भागीदार आहे, हे शेवटी सांगा. आधी सांगितलं तर सगळी पोरं दुर्बिणीच्याच बाजूने जातात.