डीआरएम नसलेला अ‍ॅडव्हेंचर गेम कुठून घ्यावा: इंदूरकरांसाठी

किंमत नंतर बघा. पैसे भरल्यावर हातात कोणती फाइल येणार, हे आधी बघा. इन्स्टॉलर किंवा झिप आपल्या डिस्कवर उतरवून घेता आली आणि लॉगिन, लाँचर (गेम उघडून देणारं दुकानाचं अ‍ॅप), इंटरनेट यांतलं काहीही नसताना गेम चालला, तर त्याला डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, नाही. एकच गेम एका दुकानात मोकळा आणि दुसऱ्यात बांधलेला असू शकतो, म्हणून 'या गेमला डीआरएम आहे का' एवढं विचारून भागत नाही. पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमच्या पानावर दुकानवार नोंद असते; ती दोन मिनिटांत वाचून होते.

गॉग हे 2008 पासून चालणारं पोलंडचं दुकान. खरेदीनंतर लायब्ररीत गेम उघडला की समोर गॅलेक्सीचं, म्हणजे गॉगच्या लाँचरचं, बटण येतं. घाईत तेच दाबलं जातं आणि लाँचरशिवाय गत्यंतर नाही असा समज होतो. पोह्यांवर जिरावन नसलं तर आपलं चालत नाही, पण गॅलेक्सीवाचून गेमचं काही अडत नाही. खाली 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर्स' असं असतं, तिथून सगळे भाग उतरवा. मोठ्या गेमची एक ईएक्सई आणि सोबत बिन फाइली असतात. नुसती ईएक्सई घेतली तर इन्स्टॉल मध्येच थांबून पुढचा भाग मागतं, म्हणून सगळ्या एकाच फोल्डरात ठेवा. नवी आवृत्ती आली की इन्स्टॉलर पुन्हा हाताने उतरवावा लागतो. फाइलच्या नावातला आवृत्ती क्रमांक त्यासाठीच बघायचा. गेम उतरवून खेळून बघितला असला तरी 30 दिवसांत पैसे परत मागता येतात.

छोट्या, एकट्यादुकट्याने बनवलेल्या गेमसाठी इच डॉट आयओ बघा. तिथे दुकानाला किती वाटा द्यायचा हे बनवणारा स्वतः ठरवतो. मात्र पानावर कोणत्या फाइली आहेत ते वाचूनच पैसे भरा: कधी विंडोजची फाइल नसते, कधी फक्त स्टीम या दुसऱ्या दुकानाची की (गेम तिथे सुरू करायचा कोड) मिळते. झिप आधी पूर्ण उलगडा. आतूनच ईएक्सई चालवली तर शेजारच्या डेटा फाइली सापडत नाहीत आणि गेम उघडताच बंद पडतो. विंडोजची निळी चौकट आली म्हणजे व्हायरसच आहे असं नाही, बहुधा फाइलवर डिजिटल सही नसते. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून त्याच पानाचा दुवा आहे ना, याची खात्री करून मगच 'मोर इन्फो' आणि 'रन एनीवे' दाबा.

स्टीमवर रुपयांत किंमत दिसते हा मोठा मोह. तिथलेही काही गेम मोकळे असतात, पण ते तपासावं लागतं. स्टीम पूर्ण बंद करा (घड्याळाशेजारच्या आयकॉनमधूनही), नेट तोडा, स्टीमअ‍ॅप्समधल्या कॉमन फोल्डरातून गेमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि ईएक्सई चालवा. स्टीम उघडू लागलं तर गेम बांधलेला आहे. परतावा 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच, म्हणून ही चाचणी पहिल्याच दिवशी. मशिनॅरियमसारखा गेम (2009) तिन्हीकडे मिळतो. अशा वेळी गॉग किंवा इच घ्यावं, चाचणीची कटकटच नको.

किंमत डॉलरमध्ये असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. 2020 पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच येतात. बँक साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनासाठीचं जादा शुल्क) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावते, तेव्हा दोन दुकानांची तुलना हे धरून करा.

मग बॅकअप. जेल रोडवरून आणलेला 32 जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा एफएटी32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असतो, त्यावर 4 जीबीची फाइल बसत नाही. रिकामा असतानाच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. सेव्ह (आपण कुठवर खेळलो त्याच्या फाइली) मात्र इन्स्टॉलरमध्ये नसतात: युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या गेमचे बहुतेक अ‍ॅपडेटातल्या लोकललो फोल्डरात, अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ या तशाच सॉफ्टवेअरवर बनलेल्यांचे सेव्ह्ड गेम्स फोल्डरात सापडतात. तेही कॉपी करा, आणि घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर नेट बंद ठेवून एकदा इन्स्टॉल करून बघा.