साउंडबार जोडला, तरी आवाज टीव्हीतूनच?

आमच्या दादरच्या घरात टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसवलाय की मागे हात जेमतेम शिरतो. अंदाजाने हाताला लागेल त्या पोर्टात एचडीएमआय केबल खोचली आणि साउंडबार दोन दिवस मुका! मेकॅनिकला बोलावण्याआधी हे करून बघा.

१. मोबाइल टीव्हीमागे सरकवून पोर्टांचा फोटो काढा. 'एआरसी' (ARC, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच साउंडबारकडे पाठवणारी सोय) किंवा 'ईएआरसी' (eARC, त्याचीच सुधारित आवृत्ती) लिहिलेलं पोर्ट सहसा एकच असतं. केबल तिथेच हवी. साउंडबारच्या बाजूलाही तसंच.

२. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा. गंमत म्हणजे प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळंच बारसं केलंय: सॅमसंगवर ॲनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक.

३. साउंड आउटपुट एआरसीवर न्या. तरी शांतता? ऑडिओ फॉरमॅट 'पीसीएम' (कॉम्प्रेस न केलेला साधा डिजिटल आवाज) करा.

४. शेवटी दोन्ही प्लग काढून दोन मिनिटं थांबा. नुसतं रिमोटने बंद करणं यात धरू नका.

एक लक्षात ठेवा: साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल. ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सेट असेल तर आवाज सुरू झाल्यावर फॉरमॅट पुन्हा 'ऑटो'वर टाकून बघा, नाहीतर मागचे स्पीकर नुसते शोभेला.