गाडीत पायाशी एलईडी पट्टी लावताना

वॅगनआर, ऑल्टो यांसारख्या छोट्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटसमोर, पायाशी, रात्री मंद उजेड असला की खाली पडलेलं टोलचं सुटं किंवा किल्ली शोधायला मोबाइल काढावा लागत नाही. पट्टी चिकटवायला वीस मिनिटं लागतात. उरलेली सकाळ जाते ती वीज कुठून आणि कशी घ्यायची यात, आणि नेमकं तेच कुणी नीट सांगत नाही.

पट्टी 12 व्होल्टची, 2835 प्रकारची (हा एलईडीच्या आकाराचा नंबर), मीटरला 60 एलईडी असलेली घ्या. ती मीटरला 4.8 वॅट खाते. 5050 प्रकारची 14.4 वॅटवाली दुकानदार आग्रहाने देतात, ती नको. पायाशी एवढ्या उजेडाचं काय काम? रंग वॉर्म व्हाइट. निळा रंग दुकानात छान दिसतो, पण रात्री हायवेवर काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि डोळ्यांना त्रास होतो. प्रत्येक बाजूला 40 सेंटीमीटर पुरतात. कापायचं ते तीन-तीन एलईडींनंतर असलेल्या कात्रीच्या खुणेवरच.

सोबत उजेड कमी-जास्त करणारा छोटा डिमर घ्याच. इंजिन चालू असताना गाडीत 12 नाही, 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो. पट्टीतले तीन पांढरे एलईडी मिळून साधारण 9 व्होल्ट घेतात, उरलेला दाब पट्टीवरच्या रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या भागावर पडतो. म्हणजे वरचे दोन व्होल्ट दिसायला थोडे, पण रेझिस्टरवरचा दाब 3 वरून 5 व्होल्ट, म्हणजे दीडपटीहून जास्त होतो. पूर्ण उजेडावर चालवलेली स्वस्त पट्टी म्हणूनच काही महिन्यांत लुकलुकायला लागते.

10 च्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. डॅशबोर्डची खालची कड स्पिरिटने पुसून पट्टी आतल्या बाजूला लावा, एलईडी थेट डोळ्यांना दिसता कामा नयेत. उन्हाळ्यात गोंद सुटतो, म्हणून दोन्ही टोकांना केबल टाय. वायर पेडलच्या आसपास लोंबकळत ठेवू नका. पिवळ्या स्लीव्हमधल्या वायर एअरबॅगच्या असतात. त्यांना हात नाही आणि टेस्ट लॅम्पही नाही.

आता वीज. बहुतेक छोट्या गाड्यांत डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या बाजूला फ्यूज बॉक्स असतो. पट्टीची वायर सोलायची, फ्यूजच्या पायाला गुंडाळायची आणि फ्यूज परत दाबून बसवायचा, हा सल्ला सर्रास मिळतो. मीही तो ऐकून तसंच केलं होतं, वायपरच्या फ्यूजवर. दिवे मस्त लागले. चार महिन्यांनी भर पावसात कसारा घाटात वायपर मध्येच थांबायला लागले. गाडी कडेला घेऊन फ्यूज ओढला तर त्याचं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वितळलं होतं. तार गुंडाळल्याने पाय जाड झाला, खाचेतली पितळी क्लिप फाकली, पकड ढिली पडली, आणि ढिल्या पकडीत उष्णता वाढत गेली. क्लिप परत घट्ट होत नाही. पूर्ण फ्यूज बॉक्स बदलावा लागला.

म्हणून फ्यूज टॅपच वापरा. हा फ्यूजच्या खाचेत बसतो, त्यात मूळ फ्यूज आणि नव्या वायरचा वेगळा फ्यूज असे दोन्ही बसतात. फ्यूज मिनी आकाराचा आहे की त्याहून बुटका लो-प्रोफाइल, हे गाडीतला एक फ्यूज दुकानात नेऊन जुळवा. चार्जिंग सॉकेटचा फ्यूज निवडा. वायपर, हॉर्न, एबीएस, एअरबॅग, इंजिन यांच्या वाटेला जाऊ नका. किल्ली बंद केल्यावर सॉकेटही बंद होतं का, ते आधी बघा, नाहीतर बॅटरी उतरेल.

टॅप दोन्ही दिशांनी बसतो, पण एकच दिशा बरोबर. उलटा बसला तर पट्टीचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो. ओळखायची युक्ती सोपी: पट्टीची अर्थ (निगेटिव्ह वायर) आधी गाडीच्या बॉडीला जोडा, बॅटरी लावा, टॅपमधला मूळ फ्यूज काढून फक्त नवा 2 अँपिअरचा ठेवा आणि किल्ली फिरवा. पट्टी लागली तर दिशा बरोबर. नाही लागली तर टॅप फिरवून बसवा. मग मूळ फ्यूज त्याच्या जागी. 2 च्या जागी 10 चा फ्यूज टाकायचा मोह होतो, कारण गॅरेजमध्ये तोच पडलेला असतो. तसं करू नका. वायर शॉर्ट झाली तर 10 चा फ्यूज जाईपर्यंत बारीक वायरचं आवरण वितळून जाईल.

अर्थ बॉडीच्या लोखंडाला बसलेल्या बोल्टवर द्या; प्लास्टिकच्या ब्रॅकेटमधला बोल्ट चालत नाही. रंग खरवडून चमकतं लोखंड दिसू द्या आणि वायरला गोल लग (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) लावून घट्ट करा. जोड सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. काळी इन्सुलेशन टेप मे महिन्यात चिकट होऊन सुटते.

बाहेरच्या बाजूला, नंबर प्लेटजवळ किंवा बंपरखाली यातलं काही लावू नका. पुढे लाल दिवा, किंवा मागे रिव्हर्सचा आणि नंबर प्लेटचा सोडून दुसरा पांढरा दिवा दाखवत गाडी चालवायला परवानगी नाही.

आठवड्याने अर्धा तास गाडी चालवून आल्यावर फ्यूज टॅपला बोट लावून बघा. कोमट लागला तर त्याच दिवशी काढून पकड तपासा.