जुन्या एमजीबीच्या मागच्या पाट्यांचे बुश कसे बदलावेत

ॲक्सिलरेटर सोडला की मागून ‘टक्’ असा आवाज येतो. वळणात गाडीचे तोंड वळते, पण शेपूट क्षणभर मागे राहते. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये असे झाले की बहुतेक जण शॉकअपवर संशय घेतात. माझे म्हणणे, आधी बुश पाहा, म्हणजे पाटा गाडीला जोडला जातो त्या सांध्यातले रबरी आवरण. गाडी शेडमध्ये उभी असली तरी वयाने रबर कडक होते आणि तडकते. त्यात कोल्हापूरचा पावसाळा आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते म्हटल्यावर बुशचे आयुष्य आणखी घटते.

इथे उदाहरण घेतले आहे एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार होत होती. दिसायला नाजूक, पण मागे साधे कमानी पाटे आणि अखंड एक्सल. आपल्या अँबॅसेडरचे आणि हिचे मूळ घराणे एकच, त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये अँबॅसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री असेल तर त्याला ही रचना नवी नाही. बुश मात्र अँबॅसेडरचे बसतील असे गृहीत धरू नका. एमजीबीचेच मागवा आणि जुन्याशी माप ताडून घ्या.

प्रत्येक पाट्याला दोन प्रकारचे बुश असतात. पुढच्या डोळ्यात, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या गोल छिद्रात, एकच मोठा बुश असतो. त्याला बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेले रबर. मागे शॅकल असते, म्हणजे पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणारी हलती कडी. तिथे रबराच्या सुट्या अर्ध्या-अर्ध्या टोप्या येतात, दोन पाट्याच्या डोळ्यात आणि दोन बॉडीच्या छिद्रात. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून दोन मोठे बुश आणि आठ टोप्या. त्यासोबत एक्सल आणि पाट्यामधले रबरी पॅड, यू-बोल्ट आणि नवे लॉकनटही घ्या. सगळे उघडलेच आहे तर जुने पॅड परत बसवण्यात काही अर्थ नाही.

तपासायला पहार पुरते. डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये पहारीचे टोक घालून हलके उचका. थोडे दबणे ठीक आहे, पण लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला तर बुश गेला. आतली नळी डोळ्याच्या मधोमध दिसते का, तेही पाहा. ती एका कडेला टेकली असेल तर त्या बाजूचे रबर संपलेले आहे.

काम सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल सकाळ-संध्याकाळ मारत राहा. पाने इंची लागतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला तर नटाच्या कडा गोल होतात आणि मग पुढचा सगळा दिवस त्यातच जातो.

गाडी काँक्रीटच्या सपाट जागेवर घ्या, पावसाने भिजलेल्या मातीवर नको. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. मागून उचलून बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडे पुढे जो मजबूत भाग आहे, तिथे स्टँड लावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका. दुसरा जॅक डिफरन्शियलखाली (एक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्याखाली) हलका टेकवून ठेवा. चाके काढा. बॉडीकडून एक्सलकडे येणारी ब्रेकची रबरी नळी आणि हँडब्रेकची केबल यांवर एक्सल कधीही लोंबता कामा नये.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरा पाटा एक्सलला जागेवर धरून ठेवतो, शिवाय काय कुठे बसते हे पाहायला नमुना समोर राहतो. लिव्हर शॉकअपची कडी खालच्या प्लेटला जोडलेली असते. ती सोडवा, मग यू-बोल्ट, मग मागचे शॅकल.

आता पुढचा बोल्ट. या कामातला निम्मा वेळ तोच खातो. बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजून एकजीव झालेली असतात. नट निघतो, बोल्ट फिरतोही, पण बाहेर येत नाही, कारण त्याच्याबरोबर नळीच फिरत असते. हातोड्याने ठोकून ब्रॅकेट वाकवू नका. ते बॉडीचाच भाग आहे आणि वाकले तर एक्सल तिरका बसेल. गॅस कटर लावायचा मोह टाळा. एमजीबीची पेट्रोल टाकी डिकीच्या तळाखाली उजव्या बाजूला, पाट्याच्या शेजारीच आहे, त्यामुळे ग्राइंडरची ठिणगीही तिथे नको. डोळा आणि ब्रॅकेट यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. वेळ लागतो, पण बाकी काही बिघडत नाही. नवा बोल्ट त्याच ताकदीच्या ग्रेडचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही.

पाटा खाली आला की तो घेऊन सरळ उद्यमनगर गाठा. हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये जुना बुश काही मिनिटांत निघतो. घरीच काढायचा असेल तर आधी रबर आणि आतली नळी काढा, मग बाहेरची नळी आतून ब्लेडने एका रेषेत कापून छिन्नीने दुमडा. ब्लेड डोळ्याच्या पोलादाला लागू देऊ नका, अशा ओरखड्यातूनच पाट्याला पुढे चीर जाते. डोळा पॉलिश पेपरने साफ करा. नवा बुश दाबताना दाब फक्त बाहेरच्या नळीवर पडला पाहिजे, आणि बुश दोन्ही बाजूंना सारखा आला पाहिजे.

पॉलीयुरेथेनचे बुश घ्यावेत का, असे बरेच जण विचारतात. ते टिकतात आणि गाडी घट्टही वाटते. पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले तर कुरकुरतात, आणि आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक धक्का आत पोहोचवतात. रोज फिरवायच्या गाडीला मी रबरच घालीन. शॅकलच्या टोप्या बसवताना साबणाचे पाणी लावा. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले तर रबर फुगून मऊ पडते. पुढच्या बोल्टच्या दांड्याला मात्र गंजरोधक ग्रीस भरपूर लावा.

पाटा परत चढवताना आधी पुढचा बोल्ट, मग शॅकल, दोन्ही नट हातानेच. पाट्यातल्या पट्ट्यांना एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टचे डोके पॅडच्या आणि एक्सलच्या छिद्रात नीट बसले आहे याची खात्री करा, मग यू-बोल्टचे चारही नट आलटून-पालटून सारखे आवळा. शॉकअपची कडी जोडा. दुसरी बाजूही अशीच करा.

पुढचा बोल्ट आणि शॅकल गच्च आवळायचे ते चाके लावून, गाडी जमिनीवर उतरवून आणि मागून दोन-चार वेळा दाबून सोडल्यावरच. पुढच्या बुशचे रबर नळीवर घसरत नाही, ते आतल्या आत पिळवटते. गाडी हवेत असताना, पाटा लोंबलेल्या अवस्थेत आवळलात, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो. मग गाडी उभी असतानाही ते ताणलेलेच राहते आणि नवा बुश थोड्याच काळात फाटतो. खाली शिरायला जागा नसेल तर मागची चाके भक्कम रॅम्पवर चढवा, किंवा ओळखीच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी न्या. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे द्या.

चाचणीला पन्हाळ्याचा रस्ता उत्तम. आधी गावातल्या स्पीडब्रेकरवर सावकाश जाऊन आवाज ऐका, ब्रेक दाबून पाहा, मग वाघबीळच्या वळणांवर गाडी मागून लगेच साथ देते का ते बघा. परत आल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा तपासा. नवे पॅड दबतात, त्यामुळे नट थोडे सैल सापडणे साहजिक आहे. शे-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाना लावा.